मूस ओढणार कोण

अमेरिकेच्या विमानतळावर जात काढून घेतात आणि पासपोर्टवर शिक्का मारून माणसाला मोकळं सोडतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी फ्रीमाँटमधल्या एखाद्या मराठी घरी गणपतीच्या जेवणाला जावं आणि स्वतःचं आडनाव सांगून बघावं. ‘अच्छा, अच्छा’ असं दोनदा ऐकू येतं. पहिलं ‘अच्छा’ तोंडातून, दुसरं डोळ्यांतून. नागपूरच्या इंदोरा वस्तीतून आलेला विनय गजभिये हे दुसरं ‘अच्छा’ कित्येक वर्षं ऐकत होता. ऐकायचा आणि ताटात आणखी एक मोदक वाढून घ्यायचा. लाजायचं कोणी, तर समोरच्याने, असा त्याचा हिशेब.

पेशाने नेटवर्क इंजिनियर, अंगाने आडवा, डोक्याने तापट. त्याला एकच नाद होता, बोटीचा. एक जुनी ॲल्युमिनियमची बोट त्याने घेतली होती. शनिवार उजाडला की ती गाडीमागे जोडून तो नदीवर निघायचा. गळ टाकायचा, मासा काढायचा आणि परत सोडून द्यायचा. लोक हसायचे. पण माशाचं पोट फाडणं त्याच्याच्याने होत नसे. एकदा करून पाहिलं तर दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. घरात मटण यायचं ते दुकानातून बारीक तुकडे करून, पिशवीत बंद. पण पाणी मात्र त्याला कळायचं. वाळू कुठे वर आलीय, ओंडका कुठे दडलाय, हे त्याला लांबून दिसायचं.

म्हणून देवांगने त्याला धरलं. देवांग पुण्याचा, मोठ्या हुद्द्यावरचा. नवी रायफल घेतलेली, अलास्काला जाऊन मूस मारायचा म्हणून उतावळा झालेला. मूस म्हणजे घोड्याहून उंच, परातीसारख्या पसरट शिंगांचं अवाढव्य हरीण. त्याच्यामागे जायचं तर नदीतून, बोटीनेच.

“कॅप्टन, तू नसशील तर ट्रिप कॅन्सल,” देवांग म्हणाला. “तू, मी आणि निमिष. बस. आपली गँग.”

‘आपली’ म्हटल्यावर विनय विरघळला. त्याची बायको पद्मिनी मात्र पोळी लाटता लाटता म्हणाली, “त्यांना ड्रायव्हर पाहिजे, दोस्त नाही.”

“तुला सगळ्यांत खोटच दिसते.”

“दिसते, कारण असते.”

विनय रागावला आणि त्याच रागात त्याने विमानाचं तिकीट काढलं.

अलास्कात, युकॉन या मोठ्या नदीला मिळणाऱ्या एका नदीवर त्यांनी बोट भाड्याने घेतली. बोटवाला म्हातारा त्या नदीकाठीच जन्मलेला. त्याने दोनच गोष्टी सांगितल्या. पाण्यात उभ्या असलेल्या मूसवर गोळी झाडायची नाही, त्याला काठावर चढू द्यायचं. पाण्यात मेला तर ते धूड तुम्हाला पुरून उरेल. आणि मारला तर खाण्यासारखा तुकडा न् तुकडा परत आणायचा. मांस आधी, शिंगं शेवटी. मांस टाकून फक्त शिंगं आणणाऱ्याला इथे तुरुंगात टाकतात. देवांग “यस, यस” करत मोबाइलला रेंज शोधत होता.

सप्टेंबरातली थंडी, काठाने पिवळीधमक झालेली बर्चची झाडं. दोन दिवस त्यांना मूस दिसला नाही. निमिष मुंबईचा, त्याचं तोंड गप्प राहणारं नव्हतं. मादीचा आवाज काढून नराला बोलवायचं असतं, म्हणून तो तोंडाशी हात धरून हंबरायचा.

“अरे, हा मूसचा आवाज आहे की तुझ्या सासूचा?” देवांग म्हणायचा.

“सासूचा काढला तर नर पळून जाईल यार!”

विनय हसायचा, बोट हाकायचा, थर्मासमधला चहा सगळ्यांना द्यायचा. त्याला बरं वाटत होतं. पद्मिनीला फोन करून सांगावंसं वाटत होतं, बघ, दोस्तच आहेत. पण फोन लागत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी वळणाआड विलोची झुडपं हलली आणि मूस बाहेर आला. मोठा नर. सावकाश पाण्यात उतरला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि मादीला शोधू लागला. विनयने इंजिन कधीच बंद केलं होतं. बोट हलक्याने काठाला लागली, तिघं खाली उतरले.

“थांब,” विनय कुजबुजला. “पाण्यात नको. वर चढू दे त्याला.”

देवांगने गोळी झाडली.

गोळी पाठीच्या कण्यात लागली असावी. मूसचा मागचा अर्धा भाग कुणी दोरी कापावी तसा खाली पडला. पुढचे पाय उभेच राहिले. मागचं धड ओढत त्याने काठाकडे यायचा प्रयत्न केला. ओला चिखल, पाय घसरले, पुन्हा उठला. नाकातून वाफ येत होती.

“मारला!” निमिष ओरडला. दोघांनी मिठी मारली. देवांगने रायफल आडवी धरली, मागे धडपडणारं जनावर येईल असा फोटो काढून घेतला. दुसरा काढला, कारण पहिल्यात त्याचे डोळे मिटले होते.

“तो जिवंत आहे,” विनय म्हणाला.

“हो रे, मरेल आता.”

तो मेला नाही. देवांगने दुसरी गोळी झाडली. ती जबड्याला लागली. खालचा जबडा लोंबू लागला आणि मूसने असा आवाज काढला की निमिष झुडपात जाऊन ओकला. देवांगने रायफल खाली ठेवली. ती पुन्हा उचलायची त्याची हिंमत होईना. जवळ जाऊन डोक्यात एक गोळी घालायची, एवढंच काम उरलं होतं.

मग देवांग विनयकडे वळला. आवाज मऊ, सुट्टी मागताना असतो तसा.

“विनय, तू कर ना.”

“मी काहून?”

“नाही, म्हणजे... तुला जमेल रे. पुढचं कापायचं वगैरे पण. आम्हाला कधी सवय नाही या गोष्टींची.”

“मले आहे का?”

चिडला की विनय नागपुरी बोलीवर यायचा. उत्तर निमिषने दिलं, तोंड पुसत, अगदी निरागसपणे. “तुझे आजोबा करायचे ना हे काम? तूच सांगितलं होतंस यार, त्या दिवशी, देवांगच्या बॅकयार्डात.”

सांगितलं होतं. दोन पेग झाल्यावर, छाती फुगवून सांगितलं होतं. भंडाऱ्याकडच्या गावात मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम आजोबांच्या घरावर लादलेलं होतं. एका पावसाळ्यात पाटलाचा बैल मेला आणि आजोबा म्हणाले, ओढणार नाही. गावाने पाणी तोडलं, दुकान बंद केलं, शेवटी घर पेटवलं. आजोबा बायकापोरं घेऊन पायी नागपुरात आले, गिरणीत लागले, पण ढोराला हात लावला नाही. ही गोष्ट नाही म्हणणाऱ्या माणसाची होती. या दोघांनी त्यातला नकार गाळून टाकला आणि ढोर तेवढं लक्षात ठेवलं होतं.

विनय बोटीत चढला, इंजिनची चावी काढली, जॅकेटच्या आतल्या खिशात टाकली आणि चालकाच्या खुर्चीवर बसला.

“ज्याने मारलं तो संपवेल. ज्याने मारलं तो कापेल.”

“अरे, तू मनाला लावून घेतोस! मी जातीवरून बोललो का?” देवांग म्हणाला.

“जात हा शब्द तूच काढला.”

“विनय, प्लीज. ते बघ, तडफडतंय.”

मूस मान वर धरून होता. प्रवाह त्याला इंचाइंचाने खोल पाण्याकडे ढकलत होता. पुढच्या पायांनी तो चिखलात जोर लावायचा, थकायचा, मान खाली जायची, पाणी तुटक्या जबड्यात शिरायचं, फुर्रकन फवारा उडवून मान पुन्हा वर. डोळा मात्र बोटीकडे लागलेला.

देवांगने रायफल आणून विनयच्या मांडीवर ठेवली. भरलेली. विनयला रायफल चालवता येत होती, नेमबाजीच्या मैदानावर तो या दोघांपेक्षा बरा नेम धरायचा. अंतर असं की नेम चुकणं शक्य नव्हतं. एका बोटाचं काम. त्याने रायफल उचलली, उलटी धरली आणि दस्ता देवांगच्या छातीला टेकवून ती परत दिली.

“माणुसकी आहे की नाही तुला?” देवांगचा आवाज फाटला. “एवढा काय इगो रे?”

“आता आठवली माणुसकी? फोटो काढताना कोणत्या खिशात होती?”

“तुम्ही लोक ना, कुठलीही गोष्ट...” देवांगने वाक्य अर्ध्यावर सोडलं.

“बोल. पुरं कर वाक्य. ऐकून घेतो बसून.”

रायफल घेऊन देवांग पाण्यात चार पावलं गेला, मूसने शिंगं फिरवली, हा धडपडत मागे आला. पुन्हा विनवण्या. पुन्हा शिव्या. निमिष म्हणत होता, कोणीतरी करा यार, कोणीतरी करा. त्या ‘कोणीतरी’त तो स्वतःला धरत नव्हता. आणि विनय बसून होता. जनावराच्या प्रत्येक फुर्र आवाजाला त्याच्या मानेची शीर उडत होती. तरी तो बसून होता.

शेवटी तो मूस गोळीने मेला नाही. पुढचे पाय वाकले, डोकं पाण्यात गेलं, थोडे बुडबुडे आले. परदेशातल्या नदीकाठी तीन मराठी माणसं हे काम कुणाचं यावर भांडत राहिली आणि तेवढ्यात तो बुडून मेला.

“आता बोट लावून ओढ त्याला काठावर,” देवांग म्हणाला. “निदान एवढं तरी कर.”

“ओढणार नाही.”

“मग फक्त शिंगं घेऊ. मांस गेलं खड्ड्यात.”

“मांस आधी, शिंगं शेवटी. म्हाताऱ्याने सांगितलं तेव्हा तू मोबाइल बघत होतास. मांस सोडून निघालास तर धक्क्यावर पोचल्यावर पोलिसांना मी स्वतः सांगीन. शेवटचा तुकडा बोटीत आल्याशिवाय इंजिन चालू होणार नाही.”

चावी एकाच्याच खिशात होती. शहाण्याला कळायला तेवढं पुरतं.

मग त्या दोघांनी कमरेएवढ्या गार पाण्यात उतरून शिंगांना दोर बांधला, झाडाला वेढा देऊन ओढला, जनावर जेमतेम अर्धं वर आलं. त्यांनी पोट फाडलं ते चुकीच्या जागी. आतली घाण अंगावर आली. निमिष रडत कापत होता. देवांगची सुरी घसरली आणि डाव्या हाताचं बोट हाडापर्यंत उघडं पडलं, तेव्हा त्याने विनयकडे पाहिलं. विनयने औषधाची पेटी उचलून काठावर फेकली आणि म्हणाला, “बांध आणि चालू हो पुढे. मागच्या फऱ्याचं मांस राहिलंय.”

स्वतःच्या तोंडचा तो सूर ऐकून तो दचकला. मग पुन्हा तोच सूर लावला. “ए, नीट धर तो पाय. चिखल लागतोय.” गोड लागत होतं. खोटं कशाला सांगायचं, फार गोड लागत होतं.

दुपार कलल्यावर निमिष गारठून बोटीजवळ आला. कोपरापर्यंत रक्त. “विनय, चहा दे ना यार.”

थर्मासचं झाकण, तोच पेला, विनयच्या हातात होता. त्याने तो मागे ठेवला. “भांडं खराब होईल. ओंजळ कर.”

निमिषने ओंजळ केली. विनयने उभं राहून, वरून, हाताला हात लागणार नाही अशा बेताने कोमट चहाची धार सोडली. निमिष वाकून घटाघट प्यायला. “थँक्स यार,” म्हणाला आणि परत कापायला गेला. त्याला काहीच कळलं नाही. त्याच्या घरात कधी कुणाला तसं प्यावं लागलं नव्हतं, त्याला कळणार कसं?

देवांगला कळलं. सुरी हातात तशीच धरून तो बघत राहिला.

“तुलाही हवा?” विनयने विचारलं.

“नको.”

“मर्जी.”

दिवस मावळायच्या सुमाराला शिंगं बोटीत चढली. विनयने चावी लावली. परतीच्या वाटेवर त्याने बोट एकाही वाळूच्या उंचवट्याला चुकूनही घासू दिली नाही.

फ्रीमाँटला गोष्ट त्याच्या आधी पोचली. गजभियेने मुद्दाम जनावराला तडफडवलं, सायको आहे, याला कोणी बोलावू नका. बोटाला टाके पडलेला देवांग सगळ्यांना हात दाखवत फिरत होता. ओंजळीचं मात्र तो कुणाला सांगत नव्हता.

पद्मिनीने सगळं ऐकून घेतलं. विनयला वाटलं, आता म्हणेल, मी सांगितलंच होतं. ती वेगळंच म्हणाली.

“एक गोळी तू झाडली असतीस तर?”

“तर काय? ते म्हणतात तसाच झालो असतो. आमचं काम, आम्ही केलं, असं झालं असतं.”

“जनावराला काय ठाऊक, काम कोणाचं?”

“त्याला नव्हतं. त्या दोघांना होतं ना! मले सांग, मी मान खाली घालायला पाहिजे होती का?”

“नाही,” पद्मिनी म्हणाली. “पण भांडण तुमचं होतं. त्यात मेलं कोण?”

दाराशी विनयचे रबरी बूट पडले होते, चिखल वाळून टणक झालेला. तो ते उचलून मागच्या नळावर गेला आणि घासत बसला. बूट स्वच्छ झाले तरी पाणी वाहतच होतं. पद्मिनीने आतून दोनदा हाक मारली. तो उठला नाही.