लुवेनिया पुढच्या फाटकातून आली

व्हर्डेल गॅड्सनने उभा जन्म शाळेची बस हाकली. रस्त्यात कुणी आडवं आलं तर काय करायचं, हे तिला शिकवावं लागत नसे.

आई लुवेनिया गेली तेव्हा आडवे आले टर्बेविल. हेरन पॉइंटची भातखाचरं आणि ती पांढऱ्या खांबांची हवेली त्यांच्या पूर्वजांनी गुलामांकडून उभी करून घेतलेली. ते गुलाम हवेलीमागे नदीकाठी पुरलेले, आणि त्यांचे वंशज गॅड्सन आजही तिथेच पुरले जात. मात्र जायचं मागच्या चिखलवाटेनं. पुढचा ओकच्या झाडांचा रस्ता लुवेनियानं वर्षानुवर्षं झाडला, पण त्यावरून कधी आत आली नाही. "मला नेशील तेव्हा पुढून ने," एवढंच तिनं लेकीकडे मागितलं होतं.

"शनिवारी इथे लग्न आहे, मिस व्हर्डेल," हवेलीचा आताचा मालक कॅल्डर टर्बेविल फोनवर म्हणाला. "मागून या ना, नेहमीसारखं."

"नेहमी मागून येणारी गेली, बाबा. आता मी आहे."

शनिवारी शवपेटी पुढच्या फाटकाशी आली. आत रस्ताभर पाहुण्यांच्या खुर्च्या. टर्बेविल धावतच आला. व्हर्डेलने हात वर केला.

"लुवेनियाला आणलंय. आत येऊ का?"

त्याचा जीव भांड्यात पडला. "विचारलंत, बरं केलंत. असं करा, मागून—"

"तुम्हाला कोण विचारतंय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"मग कुणाला?"

"जे आत पुरलेत त्यांना. त्यांनी हो म्हटल्याशिवाय आमच्यात पेटी आत जात नाही."

"आणि ते कधी म्हणणार?"

"जन्मभर तुमच्या हाकेला धावले. आता सावकाश बोलतात."

खांदेकरी पेटी घेऊन तसेच उभे. वादक थांबले. नवरी तोंडावरची जाळी सावरत डोकावून गेली.

"व्हर्डेल, खांदा मोडला गं," चुलतभाऊ एफ्रिम कुजबुजला. "म्हातारे झोपलेत वाटतं."

"वजन खांद्यावर आहे ना? मग तोंड कशाला हलवतोस?"

टर्बेविलने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. मग कोट काढला आणि स्वतःच मधल्या रिकाम्या खुर्च्या बाजूला करू लागला. मधला रस्ता मोकळा झाला तरी व्हर्डेल हलली नाही. डोळे मिटून, मान किंचित कलती करून ती ऐकत राहिली. टर्बेविलही हातात खुर्ची धरून ताटकळला.

"हो म्हणाले," ती म्हणाली.

गॅड्सनांनी माना डोलावल्या, गाणं उचललं, आणि लुवेनिया ओकांखालून निघाली. लग्नाचे पाहुणे एकेक करत उभे राहिले.