दुसऱ्या चहाचं उत्तर

माझ्या नणंदेइतकी प्रश्न विचारायची हौस अख्ख्या पुण्यात आणखी कुणाला असेल, तर त्या माणसाला मला भेटायचं नाही; घरात एक पुरे आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक देशाटन करतात, भजनी मंडळात जातात. आमच्या वन्संनी पीएचडीला नाव घातलं! विषय, शहरात एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक. स्वतः त्या येरवड्याच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहतात, पण हे कुणी बोलून दाखवलं की म्हणतात, "माझा काय संबंध? मी संशोधक आहे." माझ्या नवऱ्याला बहिणीची फार काळजी. तो रोज फोन करून विचारतो, "ताई, बरं चाललंय ना?" पलीकडून रोज उत्तर येतं, "मजेत!" आणि तो निश्चिंत होऊन जेवायला बसतो.

लोकांना छापील प्रश्नावली द्यावी की समोर बसवून मुलाखत घ्यावी, हा वाद वन्सं कुणाशीही, कुठेही घालू शकतात, आणि समोर कुणी नसेल तर दोन्ही बाजू स्वतःच लढवतात. एकदा त्यांनी आमच्याकडे उपमा केला, तर बशीबरोबर प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी: खूप आवडला, बरा होता, आवडला नाही. सगळ्यांनी 'खूप'वर खूण केली. मग त्यांनी माझ्या नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठून गप्पांत घेतलं, तेव्हा मीठच नव्हतं हे बाहेर आलं. बाई टाळ्या पिटत बाहेर आल्या. "बघ! सर्व्हे म्हणजे सभ्यपणा मोजायचं यंत्र!" मार्केट यार्डातही तेच. हापूस गोड आहे का, असं त्यांनी गाळ्यागाळ्यावर विचारलं, सगळ्यांचा गोडच. शेवटी एका व्यापाऱ्याजवळ ऐसपैस बसून, त्याच्या पोराबाळांची चौकशी करून त्यांनी विचारलं, "तुम्ही घरी कुठली पेटी नेता हो?" तो हसला आणि मागची पेटी पुढे ओढली. मी मात्र दोन्ही हात दुखेपर्यंत पिशव्या धरून उभी होते.

त्यांच्या मार्गदर्शक सरांना हे आंबे पटेनात. "मॅडम, आधी सर्व्हे," ते म्हणाले. झालं, वन्सं स्कूटरवरून गावभर फॉर्म वाटत सुटल्या. 'आपल्याला एकटेपणा जाणवतो का?' या प्रश्नाला झाडून सगळ्यांचं उत्तर आलं, 'नाही.' पुण्यात दुसरं काय येणार! फक्त खडकीच्या एका निवृत्त गृहस्थांनी शेजारी लिहिलं होतं, 'आपल्याला काय करायचंय?' वन्संना लॉटरी लागल्यासारखा आनंद झाला. तशाच त्यांच्या दारात हजर!

"फॉर्म भरलाय मी. आता काय?" गृहस्थ जाळीच्या दारामागून म्हणाले.

"काही नाही. ऊन फार आहे. पाणी मिळेल?"

पाण्यामागून चहा आला. पहिल्या कपाला गृहस्थ म्हणाले, मुलगा परदेशात, सगळं उत्तम. दुसऱ्या कपाला म्हणाले, "आतल्या खोलीत टीव्ही चालू ठेवतो. बघत नाही. घरात कुणी बोलतंय असं वाटतं." वन्सं तिथून थेट आमच्याकडे आल्या, हेल्मेटसकट स्वयंपाकघरात. "अगं, सापडलं! किती जण ते सर्व्हे सांगेल, पण का ते दुसऱ्या चहालाच कळतं!" मग सर्व्हे आणि मुलाखत दोन्ही घालून त्यांनी प्रबंध पुरा केला, आणि सरांनीही मान्य केला.

परवा पदवी मिळाल्याचे पेढे घेऊन आल्या. तोंडी परीक्षेत कुणाची कशी जिरवली ते हातवारे करून सांगितलं. नवऱ्याने विचारलं, "ताई, आता काम संपलं. एकटीला कंटाळा नाही ना येणार?"

"छे! मजेत!"

तो समाधानाने आंघोळीला गेला. मी ऐकलं मात्र, आणि मला हसू येता येता थांबलं. इतकी वर्षं रोज रात्री आमच्या घरातून एकाच प्रश्नाचा सर्व्हे चालला होता. मी दुसऱ्या चहाचं आधण ठेवलं. वन्संनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझीच पद्धत माझ्यावर?"

मी कप पुढे सरकवला. त्यांनी चहावर फुंकर घातली. मग म्हणाल्या, "घरी गेले की मीसुद्धा टीव्ही लावते गं. आतल्या खोलीत."

मी त्यांच्या हेल्मेटमधले हातमोजे काढून कपाटात ठेवले आणि रात्रीच्या भाकरीचं पीठ जास्त घेतलं.