माहेरची मॉरिस

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात आमचे हे एका ऑस्टिनच्या बॉनेटवरून हात फिरवत उभे होते. अगदी लाडाने हो! शेजारीच मॉरिस मायनर होती. तशीच माझ्या वडिलांनी आम्हाला दिली होती. अशी ऑस्टिन होती थोरल्या भाऊजींकडे. "आपल्या मॉरिसला तोड नाही," असं हे मला जन्मभर सांगत आले, आणि त्या शब्दावर मी जावेशी किती भांडले!

तिथल्या एका मुलीने यांना विचारलं, "आजोबा, दोन्हींत भारी कुठली?"

"ऑस्टिनच! दीड लिटरचं इंजिन, घाट हसत चढायची. मॉरिस लिटरभराची, तिला सारखं दुसऱ्या गिअरवर आणावं लागे."

मी मागेच थर्मास घेऊन उभी. बघा, खरं बोलायला परकं माणूस लागतं. घरच्यांच्या वाट्याला नुसतं कौतुक. प्रेमापोटीच असेल ते. पण मग इतकी वर्षं आपल्याशी खरं बोललं तरी कोण?

मला बघून हे हसले, "आपली मॉरिस ती मॉरिसच, काय?"

मी चहा ओतून दिला. घोट घेऊन हे नेहमीसारखेच म्हणाले, "फक्कड!"

मग मी माझा कप उचलला आणि पहिल्यांदाच स्वतः नीट चव घेऊन बघितली.