दादाच्या हातचं पाकीट

दादा पाकीट फोडायचा तेव्हा मी श्वास रोखून बघायचे, असं लिहायला बरं वाटलं असतं. खरं म्हणजे मी रडायचे. बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची त्या काळातली ही गोष्ट. पाकीट दोघांच्या खाऊच्या पैशातून यायचं, पण फोडायचा मान त्याचा एकट्याचा. मी हात पुढं केला की म्हणायचा, तुझ्या हाताला यश न्हाय. वाईट याचं वाटायचं, की ते खरं होतं. चोरून फोडलेल्या पाकिटातून मला कायम बारावा गडीच मिळायचा.

पुढं दादा शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर झाला, लेथवर कामाला लागला, लग्न झालं, केस पांढरे झाले, पण ही हौस सुटली नाही. आता फुटबॉलपटूंची कार्डं येतात, चकचकीत पाकिटात. आत चार साधी आणि नशीब असलं तर एखादं चमकीचं. तालमीतले मिशा फुटलेले, संसारी गडीसुद्धा पाकीट घेऊन दादाकडं यायचे. का, तर दादाचा हात लागतो. पेठेत एखाद्याचा हात लागतो म्हटलं की त्याच्याकडून दुकानाचा नारळ फोडून घेतात, नव्या गाडीला हळदकुंकू लावून घेतात. दादाकडं पाकिटं यायची.

त्याचे नियम ठरलेले. दात लावायचे नाहीत. कात्री, ब्लेड तर नाहीच, कारण धार लागली की नशीब कापलं जातं. पाकिटाच्या मागच्या शिवणीला दोन्ही हातांची चिमूट लावायची आणि एका दमात फाडायचं. कार्डं पालथी काढायची आणि शेवटचं कार्ड तीनपत्तीतल्या पत्त्यासारखं कोपऱ्यातून उचलत बघायचं. तोपर्यंत कुणी बोललं तर शिवी बसायची.

गेल्या वर्षी एका सकाळी आंघोळीला बसला असताना दादाच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली. जीभ परत आली, पाय फरफटत का होईना चालायला लागला. हात आला नाही. कुणी टांगून ठेवल्यासारखा तो खांद्याला नुसता लोंबत राहिला. भेटायला येणारे सगळे एकच सांगायचे, होईल सगळं नीट, धीर धरा. मला त्या लोकांना जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटायचं.

हाताचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी रबरी चेंडू दाबायला दिला, ताटातले राजमे उचलायला दिले. दादा दोन दिवसांत कंटाळला. मग त्यांनी विचारलं, या हातांना आवडायचं काय? वहिनीनं पाकिटांचं सांगितलं. बाई म्हणाल्या, मग तेच करायचं. ज्या दिवशी दोन्ही हातांनी पाकीट फाडाल, त्या दिवशी हात परत आला समजा.

झालं. घरातल्या सगळ्यांची आशा त्या चकचकीत पाकिटाच्या शिवणीत जाऊन बसली. लेथ, पगार, स्वतःच्या हातानं जेवणं, सगळं त्यापलीकडं होतं. मी दर रविवारी जयसिंगपूरहून एसटीनं यायचे, तेव्हा स्टँडजवळच्या दुकानातून पाकीट घेऊन यायचे. वहिनी ते जोतिबाला नेऊन पायाला लावून आणायची. त्यावरच्या गुलालानं बोटं घसरत नाहीत, एवढाच काय तो देवाचा उपयोग. तालमीतले गडी सुरुवातीला यायचे, पाकीट त्याच्या मेल्या हाताला लावून घरी नेऊन फोडायचे. मग तेही बंद झाले. आता कुणा दुसऱ्याचा हात लागतो म्हणे.

दादा मात्र हटला नाही. डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं शिवणीवर बसवायचा, अंगठा वर चढवायचा आणि ओढायचा. पाकीट अलगद निसटून मांडीवर पडायचं. पुन्हा बसवायचा. घामानं बनियन भिजायचा. मला बघवायचं नाही आणि उठून जाताही यायचं नाही.

एका रविवारी दुपारी त्यानं ओढलं आणि पाकीट फाटलं.

दादा हसला. किती दिवसांनी त्याचे दात दिसले. मी घळाघळा रडायला लागले. वहिनी साखर आणायला आत पळाली. दादानं डाव्या हातानं कार्डं पालथी ठेवली, शेवटचं कोपऱ्यातून उचललं. चमकीचं होतं, आणि गोलकीपरचं होतं. असलं कार्ड तो किती वर्षं शोधत होता. गोल मारणाऱ्याची कार्डं सगळ्यांना हवी असतात, गोलकीपर कुणालाच नको असतो, म्हणून आपल्याला तोच पायजे, असं म्हणायचा.

पण तो कार्डाकडं बघतच नव्हता. फाटलेलं पाकीट त्यानं उजेडाकडं धरलं होतं. हातानं फाडलेली कड वेडीवाकडी असते. या पाकिटाची वरची नखभर कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती.

वहिनी साखरेची वाटी घेऊन दारात उभी होती. दादानं तिला विचारलं, "ब्लेड लावलंस व्हय?"

तिनं खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "हसताना बघून लई दिस झालतं तुमास्नी."

दादा पूर्वीचा असता तर वाटी भिंतीवर गेली असती. ती जावी म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. पण तो ओरडला नाही. त्यानं ते कार्ड उशाशी ठेवलं, पालथंच, आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. वाटीतली साखर तशीच राहिली, तिला मुंग्या लागल्या.

त्यानंतर त्यानं व्यायाम केला नाही. चेंडू कॉटखाली गेला तो गेलाच. व्यायामाच्या बाई काही दिवस येऊन समजावत राहिल्या. शेवटी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, जे यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येतं. मग त्याही यायच्या थांबल्या. मोरीत भांडी घासताना वहिनी मला म्हणाली, "मीच मारला वो त्येंचा हात." मी नाही म्हटलं, आणि ते तिची समजूत घालायला नव्हे. हात कधी येणारच नव्हता. ब्लेडनं काही कापलं नाही, होतं ते दाखवलं. तिचा राग तरी करता आला असता, तर निदान काहीतरी करायला मिळालं असतं. आता कुणावर रागवायचं?

तरी रविवारी स्टँडवर उतरले की पाय त्या दुकानाकडं वळतात. नेलेली पाकिटं तशीच कॉटखाली पडतात, गुलालाशिवाय. वहिनीनं जोतिबाला जायचंही सोडलं.

गेल्या रविवारी मी पाकीट कॉटवर ठेवलं. दादानं डाव्या हातानं ते उचललं, क्षणभर धरलं आणि माझ्यापुढं केलं.

"तू फोड."

मी म्हटलं, असू दे, तूच फोड नंतर.

"फोड म्हंतोय की," तो म्हणाला.

लहानपणी या एका शब्दासाठी मी किती रडले होते. मागची शिवण बघितली, दोन्ही हातांची चिमूट लावली आणि त्याच्यासारखंच एका दमात फाडलं. माझे हात धडधाकट आहेत, लाज वाटावी इतके. कार्डं पालथी काढली. शेवटचं कोपऱ्यातून हळूहळू उचललं.

दादा खिडकीबाहेर बघत होता. काय आलं ते त्यानं विचारलं नाही.