उंच दाराची गाडी

माझ्या थोरल्या भावाने माझ्या गाडीत, माझ्या शेजारी बसावं, एवढ्यासाठी मी गाडी घ्यायला निघालो होतो. बायकोला मात्र धंद्याचं कारण सांगितलं. स्कूटरवरून आलेल्या माणसाला व्यापारी उभ्या उभ्या भाव सांगतात, गाडीतून उतरलेल्याला आधी खुर्ची देतात. ते खोटं नव्हतं, पण तेवढ्यासाठी कोणतीही गाडी चालली असती.

भावाशी चार वर्षं बोलणं बंद होतं. त्यानेच मला खान्देशातून सुरतला आणलं, उधन्याच्या एका कारखान्यात आपल्या शेजारच्या मागांवर उभं केलं, तुटलेल्या धाग्याला चालत्या मागावर गाठ कशी मारायची ते शिकवलं. बारा-बारा तास उभं राहून आम्ही दोघांनी स्वतःचे जुने माग घेतले, बमरोलीला पत्र्याची शेड केली. मग वाटणीची वेळ आली. नात्यातली पाच माणसं बसली होती. मी एका विजेच्या मोटरीवरून अडून बसलो. भाऊ आमच्या घरच्या अहिराणीत त्या पाच जणांना म्हणाला, "हाऊ ते मायना बी भाव करी." आईचाही भाव करील. पाचही जण हसले. मी चप्पल घातली आणि निघालो.

भाव करणं हा गुन्हा असेल, तर तो मी त्याच्याकडूनच शिकलो. रिंग रोडच्या कापड बाजारात ताके विकायला तो मला बरोबर न्यायचा. शेठने भाव पाडला की भाऊ ताका उचलून खांद्यावर टाकायचा आणि चालू लागायचा. मागे बघायचं नाही, हा नियम. जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर हाक यायचीच, "अरे आवो ने भाई, बेसो." त्या दिवशी वाटणीतून उठलो तेव्हा मीही मागे पाहिलं नाही. गल्लीच्या टोकापर्यंत मुद्दाम हळू चाललो. हाक आली नाही.

पुढे माझे माग वाढले, आणि नव्वदचं दशक संपता संपता गाडीची ऐपत आली. मनात दोन गाड्या होत्या, दोन्ही लहान. एक जुनी, बुटकी, सुरतच्या प्रत्येक गल्लीत एक तरी उभी असलेली. कुठलाही मेकॅनिक ती डोळे मिटून उघडायचा. दुसरी नवीन आलेली, उंच टपाची. लोक तिला हसायचे, डबा म्हणायचे. मी मात्र ती पहिल्यांदा रस्त्यावर पाहिली तेव्हा तिचं दारच बघत राहिलो. खुर्चीवर बसावं तसं सरळ आत बसता आलं असतं.

भावाचे गुडघे चाळिशीतच गेले होते. आमच्याकडच्या लग्नांत तो पंगतीला कधी बसायचा नाही. शेवटच्या पंगतीपर्यंत वरणाची बादली घेऊन वाढत राहायचा आणि नंतर कोपऱ्यात उभ्यानेच जेवायचा. लोक म्हणायचे, केवढा राबतो. खाली बसलं तर उठायला कोणाचा तरी हात धरावा लागेल, हे आम्हा घरच्यांनाच ठाऊक होतं.

आधी बुटक्या गाडीच्या एजंटाकडे गेलो. म्हातारा गुजराती, कसलेला माणूस. अर्धा दिवस आम्ही घासाघीस केली. मी दोनदा उठून गेलो, दोनदा त्याने हाक मारून बसवलं. सीट कव्हर, टेप, पायाखालचे मॅट, सगळं त्यात घालून घेतलं. तरी सौदा पक्का केला नाही. उद्या सांगतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन उंच गाडीच्या शोरूममध्ये गेलो. आत गारवा, फरशी इतकी चकचकीत की चपला काढाव्यात का असं वाटलं. टाय लावलेला तिशीतला माणूस आमच्याबरोबर फिरला. गाडीत बसलो, उतरलो, असं तीनदा केलं. कंबर वाकली नाही, गुडघा दुमडला नाही. मग किमतीचं बोलणं काढलं.

"काका, भाव कंपनीनो छे," तो म्हणाला. "मारा हाथमां कंई नथी."

"हातात काही नाही, तर गळ्यात टाय कशाला?"

तो हसला. मॅट विचारले, तर त्यांचे पैसे वेगळे. पाय ठेवायचे पैसे वेगळे म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. कागद त्याच्या टेबलावर टाकून मी उठलो आणि मागे न बघता बाहेर आलो.

समोर रस्त्यापलीकडे चहाची लारी, म्हणजे हातगाडी, होती. तिथून शोरूमचं काचेचं दार नीट दिसत होतं. मी चहा सांगितला.

"आता कोणाची वाट बघताय?" बायकोने विचारलं.

"बोलावील तो."

"कशाला बोलावील? त्याचं काय दुकान आहे ते? गाडी खपो न खपो, त्याचा पगार ठरलेला."

दुसरा चहा झाला. टायवाला एका नवीन जोडप्याला त्याच गाडीत बसवत होता. बायको म्हणाली, "ऐका, सांगतो त्या किमतीला घेऊन टाका. मोठ्या भाऊंना बसता येईल."

"त्याच्यासाठी घेतोय असं कोण म्हणालं?"

"कोणी नाही. पण गाडी तुम्ही चालवणार ना? मग तीन वेळा बसलात ते तीनही वेळा डावीकडे का?"

मला राग आला, आणि खरं ऐकून आलेला राग माझा लवकर उतरत नाही. लारीवरून उठलो तो थेट म्हाताऱ्या एजंटाकडे. तासाभरात बुटकी गाडी पक्की केली. त्याने नारळसुद्धा स्वतःच्या पैशाने फोडला.

गाडी हातात आली त्या रविवारी बमरोलीला नेली. भाऊ शेडबाहेर त्याच्या चार कारागिरांबरोबर उभा होता. वहिनी कुंकवाचं ताट घेऊन आली. भाऊ गाडीभोवती फिरला आणि चार वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलला.

"कितलाले लिधी?"

मी आकडा सांगितला. काय काय फुकट उकळलं तेही सांगितलं.

"मॅटबी?"

"मॅटबी."

तो हसला. तसं हसू बाजाराच्या जिन्यावर, सौदा झाल्यावर, मी पाहायचो. त्याने टपावर हात ठेवला. टप त्याच्या छातीपाशी येत होता. मग त्याने खिडकीतून खाली सीटकडे पाहिलं आणि तिथेच बघत राहिला. 'बस ना' हे शब्द माझ्या तोंडात आले होते. पण त्याला दाराला धरून, वळून, धपकन खाली पडावं लागलं असतं, आणि उतरताना त्याच्याच कारागिरांसमोर माझा हात मागावा लागला असता. मी म्हणालो, "निघतो, पार्टीकडे माल पोचवायचाय." त्याने टपावरचा हात काढून घेतला.

दोन महिन्यांनी एका साखरपुड्यात आमच्या मावसभावाकडून कळलं, भाऊ म्हणाला होता, "गाडी दाखवायला आला, बस म्हणाला नाही." मी तिथेच त्या मावसभावाशी भांडलो. थोरल्याला कोणी बस म्हणायचं असतं का? थोरल्याने दार उघडून बसायचं असतं. माझं हे म्हणणं आजही तेच आहे. पण खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर भावाच्या गुडघ्यांची गोष्ट त्या मांडवात चारचौघांत झाली असती. एकट्याने जाऊन भावालाच सांगायला हवं होतं. तेही केलं नाही.

पुढच्या वर्षी शेड भाड्याने देऊन तो गावी परतला. कोणत्या दिवशी, कोणत्या पॅसेंजरने, मला कळलं होतं. त्या दिवशी कारखान्यात गेलो नाही. सकाळपासून गाडी धुऊन दाराशी उभी केली. फोन शेजारी घेऊन बसलो. बमरोलीहून निरोप आला असता तर दहा मिनिटांत पोचलो असतो, आणि या खेपेला त्याला हात देऊन बसवलं असतं, कोणीही बघो.

तो उधना स्टेशनला रिक्षाने गेला. रिक्षावाल्याने किती घेतले तेही नंतर कळलं. जवळजवळ दुप्पट घेतले होते, आणि माझ्या भावाने एका शब्दानेही भाव केला नव्हता.