यात्रेच्या रविवारी बंद दुकानं

मी गोष्ट सांगायला बसलो की आमच्याकडे बायको डाळीचा कुकर लावते. डाळ शिजते, गोष्ट कच्चीच राहते, असं तिचं म्हणणं. तालुक्याच्या केमिस्ट संघटनेला मात्र माझी ही खोड गुण वाटली आणि स्मरणिकेसाठी संघटनेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं.

संघटना काढणाऱ्यांपैकी आता माझे वडील, आप्पाच उरलेत. त्यांची नजर गेली, आठवण शाबूत आहे. "व्हयनं तसंच लिख," घडलं तसंच लिही, एवढंच ते म्हणाले.

झालं होतं असं. तेव्हा औषधांची दुकानं मोजकी. एका रविवारी सगळे दुकानदार एकाच जीपमध्ये सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला गेले. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याचा माणूस दुकानात असेल. जीप ठरवली होती आप्पांनीच. इकडे रनाळ्याचा एक शेतकरी धाप लागलेल्या आईला घेऊन, डॉक्टरांची चिठ्ठी हातात धरून, एकेक बंद शटर बघत फिरला. घोडे बघून मंडळी परतली, तेव्हा तो आमच्याच दुकानाच्या पायरीवर आईला टेकवून बसला होता. शिवी दिली नाही त्यानं. "यात्रा कशी व्हती, शेठ?" एवढंच विचारलं.

म्हातारी वाचली. दुसऱ्या दिवशी दुकानदार जमले आणि ठरलं, सुट्टीला पाळीनं एक दुकान उघडं राहील. तीच संघटनेची सुरुवात. यात्रेच्या रविवारची पाळी आप्पांनी कायमची स्वतःकडे घेतली. घोडे पुन्हा बघितले नाहीत.

लेख वाचून अध्यक्ष म्हणाले, "काका, प्रकाशनाला मोठे पाहुणे येणार. आपलीच फजिती कशाला छापायची?" घरात कुणाला बोलू न देणारा मी, तिथे "पण आप्पा..." म्हणून अडखळलो. छापून आलं ते असं: 'रुग्णसेवेच्या उदात्त हेतूने संघटनेची स्थापना झाली.'

संध्याकाळी आप्पांना वाचून दाखवलं. कानामागे हात धरून त्यांनी सगळं ऐकलं.

"रनाळाना माणूस कोठे शे यामा?"

"पानं कमी पडनात, आप्पा."

"जाहिरातीसले पुरनात ना?"

मी स्मरणिका मिटली. तेव्हा तेच समजुतीच्या सुरात म्हणाले, "पुन्हा वाच भाऊ. शाळामा बी तू वाचताना ओळी खाई जाये."

मी पुन्हा वाचलं. सावकाश, जाहिरातींसकट.