सव्वा मूठ गहू

मी व्हिडिओ गेमसाठी देव लिहितो. जळगावात, घरी बसून. तलवारी, ड्रॅगन, राजे हे सगळं वरवरचं. खाली समुद्राच्या तळाशी ताऱ्यांहून जुनं काहीतरी झोपलेलं लागतंच. हल्ली प्रत्येक मोठ्या गेमला ते हवं असतं. त्याची पूजा करा, नरबळी द्या, त्याला पत्ताच नसतो. ते माणसाचा द्वेषसुद्धा करत नाही. मला हे लिहायला जाम आवडतं, खोटं कशाला बोलू.

श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा आम्ही भाऊबंद सोनगीरजवळ थोरल्या काकूकडे जमतो. देवीच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे असतात. काकूचा मुलगा सुरतेला कामाला गेला, त्याला नऊ वर्षं झाली. फोन नाही, प्रेत नाही. काकू दरवर्षी त्याची मूठ काढायची आणि तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही.

गेल्या श्रावणात गहू निवडता निवडता ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हाऊ दिनभर गेम खेळस." सगळे हसले. माझं डोकं सटकलं. खेळत नाही, लिहितो, असं म्हणून मी तिला माझा देव समजावायलाच बसलो. त्याला आपण आहोत हेच ठाऊक नाही. लोक त्याच्यापुढे दाणे टाकत बसतात, आणि ते दाणे किडे खातात. हे शेवटचं गेममध्ये नव्हतं. ते मी तिच्या सुपाकडे बघून तिथल्या तिथे रचलं.

काकूने शांतपणे विचारलं, "मंग तठे माय काय करस?"

मी वेडे होणारे पंडित लिहिले होते, खलाशी लिहिले होते, पुजारी लिहिले होते. आई एकही नव्हती.

"काही नाही करत," मी म्हणालो. "तिला कळलेलं असतं."

तिने मान हलवली. एकेकाची मूठ काढली, माझीही काढली, आणि डब्याला झाकण लावलं. धाकटे काका म्हणाले, सगळ्या नाही झाल्या, एक राहिली. "नही," ती म्हणाली, "बठ्ठ्या हुई गयात."

मी तेव्हा बोलू शकलो असतो. पण जिंकल्यासारखं वाटत होतं, म्हणून गप्प बसलो. नंतर काकांनी माझी पाठ थोपटली. इतक्या वर्षांत आम्हाला जमलं नाही ते तू केलंस, सावरली बाई, म्हणाले. मी ते ऐकून घेतलं आणि माझ्या वाटचा रोट खाल्ला.

परवा फोनवर मी काकूला विचारलं, काही खबर लागली का. कोणाची, असं तिने मला विचारलं.